महालक्ष्म्यांच्या जेवणाला या वर्षी नको

पत्र:

ताई, मी ४४ वर्षांची, नागपुरात मानेवाड्याकडे राहते. बाबा मागच्या वर्षी गेले. आई सत्तरीची आहे, माझ्याजवळच असते. जूनमध्ये एका संस्थेतल्या समाजसेविका घरी आल्या आणि आईशी एकटीशी बोलायचंय म्हणाल्या. त्या गेल्यावर आई दोन दिवस धड जेवली नाही. मग तिनं सांगितलं. लग्नाआधी, १९७५ साली, तिला एक मुलगी झाली होती. टायफॉइड झाला असं गावात सांगून आजोबांनी तिला नागपूरच्या महाल भागात मामाकडे आणून ठेवलं होतं. बाळ नऊ दिवसांचं असताना संस्थेत दिलं. ती मुलगी नाशिकच्या एका घरात वाढली, आता पन्नाशीची आहे आणि तिला आईला भेटायचंय. शहरातल्या एका रस्त्यानं आई कधीच जात नसे, ऑटोवाल्याला लांबून न्यायला लावायची. त्याचं कारण मला आता कळलं.

आई एक दिवस म्हणते, "बोलाव तिले." दुसऱ्या दिवशी म्हणते, "नको व, कोन्त्या तोंडानं बोलू?" भाऊ म्हणतो, पन्नास वर्षांनी बरी आठवण आली, हिस्सा मागायला येत असेल, आधी डीएनए कर. मला वाटतं, समाजसेविकेकडून नंबर घेऊन मीच तिला फोन करावा आणि महालक्ष्म्यांना जेवायला बोलवावं. ज्येष्ठाच घरी येईल. करू का? आणि एक लिहायला लाज वाटते. या घरातली थोरली मी होते. आता मी कोण?

— एक वाचक, नागपूर

उत्तर:

तुमची शेवटची ओळ आधी घेते. ती तुम्ही लाजत लिहिली आहे, आणि ती मनात तशीच राहिली तर पुढची प्रत्येक गोष्ट तिथे अडेल. थोरलेपण म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. दवाखान्यातली जागरणं, भावाच्या लग्नातली धावपळ, बाबा गेल्यावर आईला आपल्याकडे आणणं, हे सगळं तुम्ही केलेलं आहे. नाशिकहून कुणी आल्यानं त्यातलं काही पुसलं जात नाही. खरं दुखतंय ते निराळंच असावं. आईनं एवढी वर्षं मला सांगितलं नाही, हे तुम्हाला लागलंय. लागणारच. पण तो राग सध्या आईसमोर काढू नका. मैत्रिणीजवळ काढा, नवऱ्याजवळ काढा, मला आणखी चार पानं लिहा. आईला आत्ता तिचं स्वतःचंच पेलत नाहीये.

आता फोनचं. करू नका.

तुमच्या पत्रातली १९७५ सालची वाक्यं पुन्हा वाचून बघा. आजोबांनी आणलं. मामाकडे ठेवलं. बाळ संस्थेत दिलं. एकाही वाक्यात आई कर्ता नाही. एकोणीस-वीस वर्षांची पोर, तिच्या देहाचं आणि तिच्या बाळाचं सगळं दुसऱ्यांनी ठरवलं. ते सगळे तिच्या भल्यासाठीच ठरवत होते, असंच त्यांना वाटत असणार. आणि आता तुम्ही म्हणताय: नंबर मी घेते, फोन मी करते, जेवणाला मी बोलावते. तुमचा जीव तिच्यासाठी तुटतोय हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. तरीही पन्नास वर्षांनी पुन्हा एकदा तिचं तिला न विचारता ठरेल. तेवढं होऊ देऊ नका. मला तुम्हाला सांगायचंय ते मुळात एवढंच, बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

त्या वर्षांत मुलीच्या हातात काय होतं, याचाही विचार करा. गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये झाला आणि एप्रिल १९७२ पासून लागू झाला, पण खेड्यातल्या लग्न न झालेल्या पोरीपर्यंत तो पोचायला कोण मदत करणार होतं? आज एखादी आई बाळ सरेंडर करते तेव्हा बालकल्याण समितीपुढे सगळं नोंदवलं जातं आणि विचार बदलायला तिला साठ दिवस मिळतात. त्या साठ दिवसांत ती बाळ परत मागू शकते. तुमच्या आईला नऊ दिवस मिळाले, तेही मामाच्या घरात, माणसांच्या नजरेखाली.

आपल्याकडे असा विषय निघाला की कुणीतरी लगेच देवकी-यशोदा म्हणतं. तुमच्याकडेही म्हणतील. देवकीला मात्र कुणी बोल लावत नाही, कारण ती तुरुंगात होती हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुमची आई कुठे कोंडलेली होती ते कुणी पाहिलंच नाही. म्हणून घरात "टाकलेली", "सोडलेली" हे शब्द कुणाच्या तोंडी आले, अगदी भावाच्याही, तर तिथल्या तिथे थांबवा.

समाजसेविका एकट्या का आल्या आणि एकटीशीच का बोलल्या, ते समजून घ्या. दत्तक गेलेल्या माणसाला आपलं मूळ शोधता येतं. अठरा वर्षं पूर्ण झाली की ती व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, संस्थेकडे किंवा दिल्लीच्या केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, ज्याला सगळे 'कारा' म्हणतात. पण २०२२ च्या दत्तक विनियमांत हेही स्पष्ट लिहिलंय की हा हक्क जन्मदात्या आईच्या खासगीपणाच्या आड येता कामा नये. आणि तिसऱ्या माणसाला असा शोध घेता येत नाही. कायद्याच्या नजरेत ती तिसरी व्यक्ती तुम्ही आहात. वाचून वाईट वाटेल, पण समाजसेविका तुम्हाला नंबर देणार नाहीत आणि त्यांनी देऊही नये. अशीच गुप्तता इतकी वर्षं तुमच्या आईच्या संसारावर पांघरूण घालून होती.

मग आईपुढे काय काय वाटा आहेत? तिला वाटतंय, एक तर बोलवायचं नाही तर दार लावायचं. तसं नाही. ती नुसतं पत्र पाठवू शकते. फोटो पाठवू शकते. फक्त तब्येतीची माहिती देऊ शकते. समाजसेविकेच्या मार्फत एकदाच फोनवर बोलू शकते. आणि ती नाही म्हणाली, तरी बाळ कुठल्या परिस्थितीत दिलं गेलं ते त्या मुलीला सांगावं असं नियमच सांगतात. आईला हे जरूर समजावून सांगा. ती गप्प राहिली तर त्या मुलीला कळेल ते जुन्या रजिस्टरात कुणा कारकुनानं लिहिलेल्या दोन ओळींतून. आई बोलली तर आईच्या तोंडून कळेल. तिनं भेटायचं नाही असं ठरवलं तरीही हे ती करू शकते.

आणि एक काम लगेच करायचंय. जूनपासून नाशिकला काहीच कळलेलं नाही. तिकडे ती बाई रोज फोनकडे बघत असेल, आणि काही न येणं म्हणजे नकारच, असं तिनं धरून चाललेलं असेल. आईला शेजारी बसवून समाजसेविकेला फोन लावा, स्पीकरवर टाका आणि आईलाच बोलू द्या. एवढंच सांगायचं: निरोप मिळाला, मी धड आहे, मला वेळ पाहिजे. वेळ किती तेही सांगायचं, महिना तर महिना. अमक्या तारखेला कळवते म्हटलं की तिकडच्या माणसाला दिवस मोजता येतात. मोघम "बघू" त्याहून फार जड जातं.

भावाला वाईट ठरवू नका. भाऊ घाबरलाय, आणि घाबरलेली माणसं आपल्याकडे आधी सातबाऱ्याकडे बघतात. त्याला कायदा सांगा. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे रीतसर दत्तक गेलेलं मूल दत्तक झालेल्या दिवसापासून दत्तक घराचं होतं. जन्माच्या घराशी असलेलं वारसाचं नातं तिथे तुटतं. दत्तकाच्या आधीच त्या मुलाच्या नावावर काही झालेलं असेल तर तेवढं त्याच्याकडे राहतं. नऊ दिवसांच्या बाळाच्या नावावर काय असणार? तुमच्या बाबांची तर ती मुलगीच नव्हे. मात्र एक बारकावा आहे आणि तो लपवणं बरं नाही. त्या काळी काही मुलं नुसती घरी नेली गेली, कागद झालाच नाही. तसं असेल तर लग्नाआधी झालेलं मूलही आईचं वारस ठरतं. म्हणून कोर्टाचा हुकूम किंवा दत्तकपत्र आहे ना, एवढं समाजसेविकेला विचारा आणि एखाद्या वकिलाला भेटा. तासाभराचं काम आहे. राहिलं आईचं स्वतःचं, तिचे दागिने, तिच्या नावावरचं. ते मृत्युपत्रानं कुणाला द्यायचं ते ती ठरवेल. तिथे तुमचा, भावाचा किंवा माझा काही संबंध नाही.

डीएनएचं म्हणाल तर भाऊ म्हणतो म्हणून तुम्ही स्वतःची लाळ देऊन येऊ नका. वडील वेगळे असलेल्या बहिणींची सरासरी पाव हिस्सा जनुकं जुळतात, त्यामुळे तुमच्या चाचणीचा निकाल धूसर येऊ शकतो आणि धूसर कागदावरून घरात भांडणं होतात. आई हयात आहे, आई आणि मुलीची चाचणी सरळ असते. पण संस्थेचं रजिस्टर जुळतंय, तारीख जुळतेय, मामाचं नाव जुळतंय, मग पहिल्याच भेटीआधी आईच्या तोंडात कापसाचा बोळा घालायचा? पुढे कधी दोघींना वाटलं तर दोघी जाऊन करतील.

रक्ताचीच गोष्ट निघाली आहे तर एक गोष्ट मात्र भेट होवो न होवो, कळवाच. आपल्या विदर्भात सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, किती आहे ते तुम्ही जाणता. इथे लग्नाच्या बोलण्यांतही आता एएस (नुसता वाहक) आहे का, एसएस (आजार असलेला) आहे का, हे विचारतात. नाशिकच्या घरात वाढलेल्या मुलीला तो प्रश्न कुणी विचारलाही नसेल. ती नुसती वाहक असेल तर तिला स्वतःला बहुधा काही त्रास नसेल, पण तिची मुलं आता लग्नाच्या वयाची असणार. आईवडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस निघण्याची शक्यता चारात एक असते. रक्ताची साधी तपासणी आहे. तुमच्या घरात कुणाला असेल तर, आणि साखर, बीपी, स्तनाचा कॅन्सर असं आईच्या माहेरी कुणाला झालं असेल तर, एका कागदावर लिहून आईच्या परवानगीनं समाजसेविकेकडे द्या. दवाखान्यात फॉर्म भरताना 'घरात कुणाला' या रकान्यापुढे ती पन्नास वर्षं रेघ ओढत आली आहे.

आता महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी एकाच मखरात. हे तुम्हाला कसं सुचलं असेल ते मी समजू शकते, आणि वाचताना माझेही डोळे भरून आले. पण त्या दिवशी तुमच्या घरात किती माणसं असतात? सोळा भाज्या, पुरण, आंबील, अंगणापर्यंत पंगत. मावशा असतील, चुलत सासू असेल, शेजारच्या काकू असतील. "ही कोण व?" हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत येईल. त्याचं उत्तर कोण देणार? आई पुरण वाटता वाटता?

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक कुटुंब आलं होतं. बहीण सापडली म्हणून सगळे हरखून गेले होते. स्टेशनवर चौदा माणसं गेली, हार, संत्रा बर्फीचे डबे, गाडीतून उतरल्याउतरल्या व्हिडिओ. रात्री घरात गादीवर तिला मधे बसवून प्रत्येकानं आपापलं रडून घेतलं. ती बाई दुसऱ्या दिवशी सकाळच्याच गाडीनं परत गेली आणि पुढे वर्षभर तिनं कुणाचा फोन घेतला नाही. तिला आईचा हात हातात घ्यायचा होता, आणि चौदा माणसांमध्ये तो हात तिच्यापर्यंत पोचलाच नाही. मी त्या लोकांना आधी थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही, कारण त्यांच्या आनंदात मीही वाहून गेले. ते मला आजही डाचतं, म्हणून तुम्हाला इतक्या ठासून सांगतेय.

तेव्हा, आई भेटायचं म्हणालीच तर पहिली भेट समाजसेविकेच्या खोलीत, तासाभराची, दोघींचीच. तुम्ही बाहेर बाकावर. पाण्याची बाटली आणि आईची बीपीची गोळी तुमच्या पर्समध्ये. पाहुणीनं तुमच्या घरी उतरू नये, लॉजवर उतरावं, म्हणजे रात्री एकटीनं रडता येतं, किंवा लेकराला फोन करता येतो. त्याच दिवशी दुसरी भेट ठेवू नका. फोटो काढायचा की नाही ते त्या दोघी सांगतील, आणि काढलाच तर तो व्हॉट्सॲपच्या कुठल्याही ग्रुपवर जाणार नाही हे भावजयीला आधी सांगून ठेवा.

तिला "परत आलीस" म्हणू नका. ती भेटायला आली आहे. नाशिकला तिची आई आहे, असेल किंवा होऊन गेली असेल, तापात कपाळावर पट्ट्या ठेवणारी. तुमच्या आईला हे ऐकताना कुठेतरी टोचेल, आणि तेवढं टोचू द्यावं लागेल. आईनं तिच्या त्या आईची विचारपूस केली, तर माझ्या अनुभवानं पुढचं बोलणं सोपं होतं. तुम्ही तिला काय म्हणायचं? वयानं मोठी, म्हणजे आपल्या तोंडात ताईच येणार. पण सुरुवातीला नावानं आणि "तुम्ही" म्हणा. तिनं स्वतःहून "अगं" म्हटलं की मग ताई म्हणा.

एक प्रश्न ती विचारणार हे धरून चाला: माझे वडील कोण? या प्रश्नावर आईची काय अवस्था होईल, ते तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. प्रेम असेल. शेजारचा, नात्यातला कुणी असेल. जबरदस्तीही झालेली असू शकते. तुम्ही तो प्रश्न आईला विचारू नका, आडून आडूनसुद्धा नको. मुलीला विचारायचा हक्क आहे, आणि आईला "ते मी सांगू शकत नाही" म्हणायचा हक्क आहे. पण ऐन भेटीत तो प्रश्न अंगावर आला तर सत्तरीच्या बाईचा श्वास अडकेल. म्हणून समाजसेविकेला सांगा की भेटीआधी आईशी यावर एकदा शांतपणे बोला, तुम्ही खोलीत नसताना. तिथे आई जे बोलेल ते त्या खोलीतच राहू द्या. बाबांना हे माहीत होतं का, हाही प्रश्न त्याच रांगेतला. बाबा आता नाहीत. आईला वाटलं तर ती एखाद्या दुपारी भाजी निवडताना सांगेल. नाही वाटलं तर नाही.

आणि आई शेवटी नको म्हणाली तर? तर नको. तुम्हाला बहीण हवी आहे हे मला दिसतंय, ते खोटं नाही. ते तुम्ही आईला एकदा सांगू शकता, एकदाच: "तू भेट किंवा नको भेटू, पण तुझी हरकत नसेल तर माझं नाव तिला कळू दे." आई हो म्हणाली तर समाजसेविकेकडून तुमचं नाव जाईल. नाही म्हणाली तर थांबा. वर्षाच्या आत पुन्हा विचारू नका.

पण मला वाटतं ती आधी पत्र लिहील. "कोन्त्या तोंडानं बोलू" म्हणणाऱ्या माणसाला बोलायचं असतं, त्याला सुरुवात सापडत नाही. दुपारी घर रिकामं असताना वही घेऊन तिच्याजवळ बसा. तिचा हात थरथरत असेल तर ती सांगेल, तुम्ही लिहा. मात्र तिची भाषा सुधारू नका. "मी नाही देल्ली व तुले, नेलं तुले," असं ती म्हणाली तर तसंच उतरवा, मुलगी नाशिकची आहे म्हणून पुस्तकी करू नका. मधे आई थांबली तर तुम्ही वाक्य पुरं करू नका. एकच ओळ झाली तर एका ओळीचं पत्र पाठवा. खाली सही आईचीच, वेडीवाकडी आली तरी चालेल.